नॉरिसची दरवर्षीची चूक

११ फेब्रुवारी १९९९

कपाळ माझं! वाचनालयात नवं मासिक चाळलं, तर छापलंय की ब्रुनेल इंजिनियरचा रुंद रूळमार्ग १८९५ साली उखडला. अठराशे ब्याण्णव! मे महिना! स्विंडनसारख्या रेल्वेच्या गावात बसून हे वाचायचं म्हणजे काय! समासात दुरुस्ती करायला लागलो, तर काउंटरवरची बाई म्हणाली, "मिस्टर टिटकोम, पेन खिशात." खिशात तर खिशात. निम्मी दुरुस्ती झाली होती.

परवा आगगाडीने बाथ गावाला जाऊन आलो. त्या सीटा! धर्मशाळेतलं बाकडं बरं. ब्रुनेलचे रुळांमधले सात फूट राहू दिले असते तर आज पाय पसरून बसलो असतो. पण नाही, चार फूट साडेआठ इंच! म्हणे सगळ्या देशाला सोयीचं. सगळ्या देशाला सोयीचं म्हणजे कुणालाच धड सोयीचं नाही, हे माझं मत. दोस्त नॉरिसला सांगितलं तर हसला. "लेन, रेल्वे म्हणजे काय माहितीये? उडायची हिंमत न झालेलं विमान."

याचा जन्म गेला साउथ मार्स्टनच्या विमानाच्या कारखान्यात, माझा रेल्वेच्या. आमच्याकडे त्या रेल्वे-कारखान्याला नुसतं 'आत' म्हणतात. बाप आत होता, आजा आत होता, मी आत होतो. आता तिथे दुकानं काढली आहेत.

२० फेब्रुवारी

आमच्या रेल्वे-विमानवेड्यांच्या मंडळाचं पत्रक आलं. 'नॉरिस पाँटिंग यांचं वार्षिक भाषण, २३ मार्च, चॅपलचा हॉल.' म्हणजे माझा केक पक्का!

आमच्या मंडळाचा जुना रिवाज आहे. बोलणाऱ्याने चूक केली की ज्याला कळली त्याने तिथल्या तिथे उभं राहायचं, खरं काय ते सांगायचं, आणि चहाच्या वेळी लार्डी केकचा कोपरा त्याचा. केक नॉरिसची बायको बेरिल करते. चरबी, साखर, मनुका. कोपऱ्यात साखर जळून दातांना चिकटते, तो खरा केक! बाकीचा नुसता पाव. आणि कोपरा वर्षानुवर्षं माझाच. दुसरे कुणी उठतच नाहीत आता.

नॉरिसचं मला नवल वाटतं. विमानाचा खिळा न् खिळा पाठ. पण रेल्वेवर आला की दरवर्षी एकदा आपटतोच. गेल्या साली म्हणाला, मॅलार्ड इंजिनाचा विक्रम ताशी एकशे सोळा मैल. सव्वीस रे गाढवा! त्याआधी इंजिनांची रेनहिलची शर्यत लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाल्यावर घातली. आधी रे, आधी! शेंबडं पोर सांगेल! मी सांगितलं की मान खाली घालतो, "चुकलो बुवा," म्हणतो, आणि हॉल हसतो.

ऱ्होडा गेली तेव्हा मी कित्येक महिने दाराबाहेर पडलो नव्हतो. बायकोशिवाय माणसाने कुठे जायचं? तेव्हा या नॉरिसनेच दंडाला धरून हॉलमध्ये नेऊन बसवलं होतं. म्हणाला होता, "बोलू नकोस हवं तर, नुसता बस." नुसता बसू कसा? त्याने सुरुवातीलाच असली घोडचूक केली की मी ताडकन उठलोच! तेव्हापासून पहिल्या रांगेतली खिडकीकडची खुर्ची माझी.

२ मार्च

नॉरिसचा फोन. "आज तीस वर्षं! काँकॉर्ड पहिल्यांदा उडालं!" मी म्हटलं, ते फ्रेंचांचं, तुलूझला. आपलं एप्रिलात उडालं, उगाच फुशारकी नको. खूप हसला. फोन ठेवला.

चहा ओततोय तोच परत फोन. "लेन! आज तीस वर्षं! काँकॉर्ड!" आवाजात तोच आनंद, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा. मला आधी थट्टा वाटली. थट्टा नव्हती. मी म्हटलं, "ते फ्रेंचांचं." तसाच हसला.

चहा तसाच राहिला.

६ मार्च

बेरिल आली. कोट काढला नाही, बसलीही नाही.

"लेन, डॉक्टर म्हणाले, त्याची आठवण जात चाललीय. परत यायची नाही."

 खुर्ची पुढे केली, ती तशीच उभी.

"मंडळात सगळ्यांना सांगितलंय. हे त्याचं शेवटचं भाषण. तो चुकेल, लेन. यंदा खूप चुकेल. आणि तू… तू उठू नकोस. तुझ्या पाया पडते. चारचौघांत त्याची शोभा नको व्हायला."

मी म्हटलं, नाही उठणार.

"शब्द दे."

दिला. जाताना दारात म्हणाली, "केकचा कोपरा मी तसाही ठेवीन तुला." मी म्हटलं, फुकटचा नको.

७ मार्च

शब्द देऊन बसलो खरा. माझी जीभ मला ठाऊक आहे!

१४ मार्च

नॉरिसकडे गेलो. "चहा घेणार?" तीनदा विचारलं, मी तीनदा घेतला. बेरिल स्वयंपाकघरातून बघत होती. पोट डेऱ्यासारखं झालंय.

तो मात्र मजेत. भाषणाचे कागद मांडीवर. कॉमेट विमानाच्या पहिल्या प्रवासी उड्डाणाची तारीख घडाघड म्हणाला, दोन मे बावन्न, लंडन ते जोहान्सबर्ग. मग कागदांत हरवला. बराच वेळ. मग वर बघून म्हणाला, "तू येतोयस ना रे?"

"येणार की."

"पहिल्या रांगेत?"

"मग काय छपरावर?"

"कान उघडे ठेव हां, थेरड्या." आणि डोळा मारला! आजारी माणसाने डोळा मारावा? घरी येताना वाटलं, काही नाही होत याला, डॉक्टरला काय कळतंय. मग त्या तीन चहांची आठवण झाली.

२३ मार्च

झालं भाषण. लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

हॉल भरला होता. एरवी वीसएक डोकी, आज मागे उभी. नॉरिस इस्त्रीच्या सुटात. सुरुवात झकास. ॲल्कॉक आणि ब्राउन अटलांटिक ओलांडून आयर्लंडच्या दलदलीत नाकावर उतरले, ते असं रंगवलं की लोक खुर्चीच्या काठावर. मला वाटलं, बेरिल उगाच घाबरली.

मग पानं मागेपुढे झाली. एक विमान दोनदा उडवलं. एका साहेबाला दुसऱ्याचं नाव. सगळे गप्प. मीही गप्प. जीभ दाताखाली. चाललं होतं.

आणि मग कागद खाली ठेवून, सरळ माझ्याकडे बघून म्हणाला:

"ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन, इव्हनिंग स्टार. एकोणीसशे साठ साली बांधलं… डार्बीला."

डार्बीला! स्विंडनच्या हॉलमध्ये! अर्ध्या हॉलच्या बापांनी ते इथे 'आत' बांधलंय. त्याच्या धुराड्याचा तांब्याचा काठ या माझ्या हातांनी घासलाय, माझं तोंड दिसेपर्यंत! सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी खुर्ची दोन्ही हातांनी धरली. बेरिल माझ्याकडे बघून मान हलवत होती, नको, नको.

नॉरिसने चष्मा काढला. वाट बघितली. मग जरा मोठ्याने, "डार्बीला बांधलं ते."

मी बुटांकडे बघत बसलो.

 मग त्याने कागद उचलले, तर पुढचं काही सापडेना. पानं उलटीसुलटी करत राहिला. म्हणाला, "माफ करा, मला वाटतं… मी बसतो." बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नको तितक्या. टाळ्या संपल्यावरही तो माझ्याकडेच बघत होता. भेदरल्यासारखा.

केकचा कोपरा कुणीच घेतला नाही. ताटात तसाच राहिला.

२४ मार्च

दिलेला शब्द पाळला. मग चोरी केल्यासारखं का वाटतंय?

२६ मार्च

बेरिलचा फोन. तो जेवत नाही. सारखा एकच विचारतो, लेनला काय झालंय? लेन बरा आहे ना? "तू ये," म्हणाली. "मला कळत नाही, तो तुझी का काळजी करतोय."

२७ मार्च

गेलो. तो खिडकीशी. मला बघून उठायला लागला, मीच बसवलं.

"तू उठला नाहीस," म्हणाला. "मी दोनदा म्हटलं. डार्बी."

"चूक होते माणसाची, नॉरिस. त्यात काय."

"चूक?" असा रागावला! "मूर्खा, मला माहीत नाही का कुठे बांधलं ते? ऱ्होडा गेल्यापासून दर भाषणात एक घालतो तुझ्यासाठी. तू त्याशिवाय तोंड उघडत नव्हतास. बाकीचं सगळं विसरेन, ते एक विसरायचं नाही म्हणून रोज घोकत होतो. आणि तू बुटांकडे बघतोयस! मला वाटलं, गेला. परत तसाच झाला हा."

बेरिल दारात. तिलाही ठाऊक नव्हतं, हे तोंडावरून दिसलं. 

मग मी दिवाणखान्याच्या मधोमध ताठ उभा राहिलो आणि ओरडलो, "स्विंडन! इव्हनिंग स्टार स्विंडनला बांधलं, गाढवा!"

नॉरिसने मान खाली घातली. "चुकलो बुवा," म्हणाला. "बेरिल, कोपरा दे याला."