बारा सेकंदांची शांतता

४ नोव्हेंबर, सोमवार

ओठ आज पुन्हा फुटला. म्हणजे रक्त वगैरे नाही — तेवढं नाटक त्याला जमत नाही. वरच्या ओठाच्या डाव्या बाजूने हवा निसटते आणि सूर फाटतो. खालचे सूर ठीक. वर चढायला लागलं की फुस्स! एकोणतीस वर्षं जॅझ वाजवून शेवटी आवाज कसला, तर पंक्चर झालेल्या सायकलचा.

रेकॉर्डिंग एकवीस तारखेला. नऊ वर्षांनी आलंय. आधीच्या दोन रेकॉर्डी नातेवाइकांनी घेतल्या आणि जपून ठेवल्या. इतक्या जपून की उघडल्यासुद्धा नाहीत.

अजून कुणाला सांगितलेलं नाही. या पानाला सोडून.

५ नोव्हेंबर

डॉक्टरांनी रबरी हातमोज्याचं बोट तोंडात घालून ओठ आतून चाचपला. आई गं!

"आतला स्नायू फाटलाय. सहा महिने वाजवणं बंद. मग बघू."

"मग बघू म्हणजे?"

"म्हणजे बघू." थोड्या वेळाने कागदावरून नजर न काढता — "शिट्टी वाजवता का हो तुम्ही?"

"नाही. ट्रम्पेट."

"तेच ते."

नवऱ्याला सांगितलं, दात दाखवायला गेले होते. खोटं बोलायला मात्र ओठ अगदी ठणठणीत.

७ नोव्हेंबर

आज सकाळी जे केलं ते लिहायचीही लाज वाटते. लिहितेच.

दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या चुका ऐकायला म्हणून तासाभराचा रियाज फोनवर घेऊन ठेवला होता. आज सात वाजता नेहमीसारखी खोलीत गेले, दार लावलं, छोटा स्पीकर नोटेशनच्या स्टँडवर ठेवला आणि तो तास लावून दिला. मी समोर खुर्चीत. ट्रम्पेट मांडीवर. स्वतःच्याच खोलीत स्वतःची तोतया!

छान वाजवायची बाई ती.

आठ वाजता बाहेर आले तर नवरा चहा गाळत होता. "आज सूर लागलाय हां!" म्हणाला. त्याचा चष्म्यांचा धंदा. लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारत असतो — हे बरं, की हे बरं? त्याच्याकडे न बघता म्हटलं, "हो, बरा लागला."

९ नोव्हेंबर

विद्यापीठात. एक्कावन्नाव्या वर्षी विद्यार्थिनीचं ओळखपत्र गळ्यात घालून जिना चढायचा म्हणजे शिपाईसुद्धा विचारतो, "मुलाचं काम आहे का?" माझा गाईड माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मला मॅडम म्हणतो आणि माझी वाक्यं लाल करतो.

प्रबंध मास्तरांवर. ज्यांच्याकडे मी शिकले ते. त्यांच्या शेवटच्या रेकॉर्डवर एक जागा आहे — ट्रम्पेट वर चढत जातो, चढत जातो, आता टोक गाठणार, आणि गप्प! चार बार, म्हणजे ठेक्याची चार आवर्तनं, काहीच नाही. नुसता पियानो खाली चालू. बरोबर बारा सेकंद. मग ट्रम्पेट परत येतो, खाली, मऊ. जाणकार अजून त्या जागेला कान धरतात. माझं चौथं प्रकरण त्या बारा सेकंदांवर आहे. त्रेसष्ट तळटीपा. सेकंदाला पाच!

गाईड खूश. "मॅडम, हे प्रकरण म्हणजे प्रबंधाचा प्राण. त्या रेकॉर्डिंगची मूळ रिळं तेवढी मिळवा. परीक्षकांपुढे ठेवू. मौनाचा पुरावा!"

मौनाचा पुरावा. हा माणूस पगार घेतो.

११ नोव्हेंबर

लपून खरंच वाजवून पाहिलं. घरात कुणी नसताना, कपाटात, कोटांमध्ये तोंड खुपसून, म्हणजे शेजारी ऐकू जाणार नाही. वरचा सा तरी? नाही. कोटसुद्धा ओशाळले.

१२ नोव्हेंबर

नवऱ्याने न विचारता खोकल्याचं औषध आणून टेबलावर ठेवलं. "रोज खोकतेस," म्हणाला. मी? कधी?

१३ नोव्हेंबर

काकूंकडे, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडे गेले. वय झालंय, पण जीभ तशीच. "आलीस? मला वाटलं आता माझ्या श्राद्धालाच येशील." रिळं शिलाई मशीनच्या खणात होती, बॉबिनांच्या खाली. "घेऊन जा. मी कधी लावली नाहीत. ते घरी वाजवायचे तेवढं पुरे होतं मला."

उद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ऐकणार.

१४ नोव्हेंबर

काही लिहवत नाही.

१५ नोव्हेंबर

लिहिते.

रिळावर फक्त गाणं नाही. मधलं बोलणंही आहे. मास्तर त्या जागेपाशी येतात, चढतात — आणि सूर फाटतो. फुस्स. तोच आवाज! पुन्हा. पुन्हा. मी बोटांवर मोजत होते. अकरा वेळा. सहाव्यानंतर रेकॉर्डिस्ट विचारतो, "मास्तर, पाणी देऊ?" मास्तर म्हणतात, "पाणी नको. नवा ओठ असला तर दे." अकराव्यानंतर खुर्ची करकरते. मग मास्तर —

"हे चार बार मोकळे सोड. पियानो चालू राहू दे."

"बरं."

"बाहेर ती बसलीये. दार नीट लावलंय ना?"

"लावलंय मास्तर."

"तिला मी सांगेन काहीतरी."

ती म्हणजे मी. पंचवीस वर्षांची, बाहेर पॅसेजमध्ये बाकावर, मास्तरांच्या ट्रम्पेटची पेटी मांडीवर घेऊन. ते बाहेर आले, घामाने थबथबलेले. मला म्हणाले, "सूर सगळेच वाजवतात. मी आज शांतता वाजवली. ती शिक." मला काटा आला होता अंगावर. घरी येऊन वहीत लिहिलं होतं, तारीख घालून.

ते 'काहीतरी' मी सव्वीस वर्षं सांभाळलं. शिष्यांना शिकवलं. आता त्याला तळटीपा लावल्या!

राग कुणाचा येतोय तेही कळत नाही. त्यांचा यावा, तर माझ्या खोलीचं दारसुद्धा नीटच लावलेलं आहे.

१६ नोव्हेंबर

तालीम. सगळं एक सप्तक खाली वाजवलं. पियानोवाला — वीस वर्षांचा जोडीदार, जॅझ सोडून बाकी सगळ्यावर मत असलेला — वैतागला. "बये, तळघरात काय करतेयस? वर ये की!"

"ओठ राखतेय. रेकॉर्डिंगसाठी."

"राख राख. लोणचं घाल."

१९ नोव्हेंबर

झोप नाही. जेवण नाही. पियानोवाल्याला फोन करून सांगावं, रद्द कर. तीनदा नंबर लावला, तीनदा कापला. रद्द म्हटलं की कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की मी कोण? ट्रम्पेट काढून टाकला तर उरते एक मध्यमवयीन बाई, जिला लोकांची नक्कल बरी जमते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

झालं.

मास्तरांचंच गाणं. दिवा लाल. मी चढत गेले आणि टोकाच्या एक पायरी आधी ओठातून हवा सुटल्याचं जाणवलं. आता फाटणार! मी ट्रम्पेट खाली घेतला. डोळे मिटले. चेहऱ्यावर काहीतरी थोर आणलं. पियानोवाला क्षणभर गडबडला, मग त्याला उमगलं असं त्याला वाटलं, आणि तो खाली चालत राहिला. चार बार. मी मनात मोजत होते, चूक होऊ नये म्हणून. मग खाली, मऊ, परत आले.

लाल दिवा विझला. पियानोवाल्याचे डोळे भरलेले. "बये, अगदी मास्तर!" रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे उभा राहून टाळ्या वाजवत होता. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी टाळी — न वाजवल्याबद्दल.

स्वच्छतागृहात जाऊन नळ मोठा सोडला आणि तोंडात रुमाल कोंबून रडले. ओठ सुजलाय. बरं झालं. निदान तो तरी खरं बोलतोय.

२२ नोव्हेंबर

गाईडचा फोन. पियानोवाल्याने त्याला ऐकवलं म्हणे. "मॅडम! हे परिशिष्ट म्हणून जोडू! परंपरा जिवंत आहे!"

"आणि रिळं?" त्याने विचारलं.

"खराब निघाली," म्हटलं. "काही ऐकू येत नाही."

इतकं सोपं होतं. मास्तरांनाही असंच सोपं गेलं असेल. मग चार वर्षं जगले. त्या चार वर्षांत एकदाही वरचा सूर वाजवला नाही, आणि आम्ही सगळे म्हणायचो, किती प्रगल्भ झालेत!

२४ नोव्हेंबर, रविवार

सात वाजता खोलीत गेले, दार लावलं, स्पीकर लावला. पाचेक मिनिटांत टकटक. नवरा. हातात खुर्ची.

"ते बंद कर," म्हणाला. "अडीच आठवडे झाले, रोज बरोबर सात वीसला खोकतेस तू. एकदाच. त्याच जागी."

मी स्पीकर बंद केला.

"औषधाची बाटली ठेवून पाहिली. म्हटलं, आता तरी सांगेल." त्याने पॅसेजमध्ये खुर्ची टाकली, बसला. "वाजव. कसंही."

"फाटतंय रे."

"ऐकू येईल मला. दार लावू नकोस."

लावलं नाही. अकरा वेळा वाजवलं. अकराही वेळा फाटलं. तो उठून गेला नाही.

मग गाईडला फोन लावला. म्हटलं, रिळं चांगली आहेत. घेऊन येते.