मामांची संमती

चिपुन्दो,
१८ ऑक्टोबर

आदरणीय मामा,

बेसाचा गुडघे टेकून, हलक्या टाळ्या वाजवून नमस्कार.

इथं सगळे बरे आहेत. एन्डोल्याच्या इस्पितळात तुमच्या छातीचं दुखणं कमी होतंय, असं बसच्या कंडक्टरकडून कळलं. तुमच्याकडून काहीच कळत नाही, कारण त्या दिवसापासून तुम्ही माझा फोन घेत नाही. म्हणून हे पत्र त्याच कंडक्टरच्या हाती देते आहे. वाजणारा फोन बंद करणं सोपं असतं. हातात आलेलं पत्र न वाचता ठेवायला छाती लागते, आणि तुमची छाती तर सध्या डॉक्टरांच्या ताब्यात आहे.

तुमच्या राजघराच्या छपराचं गवत वाऱ्यानं उडालं होतं, ते नीट केलं. मधाच्या पेट्या जड झाल्यात. मासुकूची फळं पिकायला लागली, त्यांची पिशवी सोबत आहे. आई म्हणाली, "फळं पाठव माझ्या भावाला, पण माझा नमस्कार कळवू नकोस." मी दोन्ही पाठवते आहे.

आता ट्रकांचं. चिबुये दादानं तुम्हाला आपली बाजू सांगितलीच असेल. बायकांनी धिंगाणा घातला, राजांचा शब्द पायदळी तुडवला, वगैरे. माझ्याकडूनही ऐका.

त्या सकाळी आम्ही काही बायका बादल्या घेऊन नदीपलीकडे पेट्या बघायला गेलो होतो. पूल ओलांडला नाही तोच करवतीच्या यंत्राचा आवाज आला. पळत गेलो. मुकुलाची झाडं आडवी पडली होती. मुकुला तोडला की कसा लाल रस गळतो ते तुम्हाला मी काय सांगू! जमीन ओली झाली होती. दोन ट्रक उभे होते, गावाबाहेरची माणसं ओंडके चढवत होती आणि एका ओंडक्यावर बसून तुमचा मुलगा भाजलेले शेंगदाणे खात होता.

मी म्हटलं, "दादा, हे कुणाच्या परवानगीनं?"

"ज्याचं जंगल आहे त्याच्या."

"जंगल सगळ्यांचं आहे."

"अस्सं? मग बोलाव सगळ्यांना. मला माझ्या बापानं हो म्हटलंय. गावप्रमुख त्याच्यापुढे वाकतात, सरकारी साहेब टोपी काढतात. तू कोण गं? जंगल समितीची अध्यक्षीणबाई! तुझं राज्य नकाशावरच्या शाईएवढं."

मी त्याला करार झाला त्या दिवसाची आठवण दिली. गाव, राजे आणि जंगलखातं, तिघांनी मिळून जंगल सांभाळायचं ठरलं तेव्हा तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणाला होता, "चूल तीन दगडांची असते. एक दगड काढला की भांडं कलंडतं आणि मक्याची न्शिमा राखेत."

तो हसला. म्हणाला, "त्यातला मोठा दगड माझ्या खिशात आहे."

मामा, मला त्याचं दुःख कळत नाही असं नाही. आपल्यात गादी बहिणीच्या पोटातून जाते. राजाचा मुलगा म्हणून जन्मायचं आणि हाती काही लागायचं नाही, हे कुणालाही डाचेल. पण गादी मिळत नाही म्हणून जंगल घ्यायचं?

खात्याचे सिचोने साहेब मोटारसायकलवरून आले. भला माणूस आहे, पण नवा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, कायद्यानं समितीला विचारल्याशिवाय इथली फांदीसुद्धा हलत नाही. पण राजेसाहेब हो म्हणाले असतील, तर त्यांच्या मुलाला त्यांच्याच भूमीवर मी एकट्यानं कसं अडवू?"

"एकटे कुठे? आम्ही आहोत की."

त्यांनी आमच्याकडे बघितलं, आमच्या बादल्यांकडे बघितलं. "हे पुरे नाही हो."

पुरे नव्हतंच. ट्रक भरत आले होते. गावं विखुरलेली, नदीकाठी फोन लागत नाही, आणि दारोदार जाऊन सांगेपर्यंत लाकूड सीमेपार गेलं असतं. मी राजघराकडे पळाले. तिथून बोलावणं धाडलं. लोक आले. पुष्कळ आले.

कसं धाडलं ते सांगते. पण आधी ते कसे आले ते ऐका.

अनवाणी आले. कुऱ्हाड नाही, काठी नाही, रिकाम्या हातांनी. बायकांनी डोक्यावरची फडकी सोडून कमरेला आवळली होती. कुणाच्या हाताला पीठ तसंच होतं. वरच्या गावचे चितालू, ज्यांचं तुमच्याशी जन्मात पटलं नाही, ते म्हातारे गावप्रमुख दोघांच्या खांद्यांवर हात टाकून आले, आणि मामा, ते लहान पोरासारखे हुंदके देत होते. तीन वाटांनी आकांत उतरत होता. लोक असे कशासाठी येतात, तुम्हाला कळलंच असेल.

हो. राजढोल मी वाजवला. सभेचा ताल नाही. मरणाचा.

सभेचा ताल ऐकून लोक काय करतात, तुम्हाला ठाऊक आहे. आधी भांड्यातली दारू संपवतात, मग निघतात. तुमच्या मरणाला मात्र चुलीवरचं भांडं चुलीवर सोडून येतात. मला तसे लोक हवे होते.

ढोलाचे राखणदार कापोपो आजोबा तिथंच होते. पण त्यांना गाढ झोप लागली होती. भर दुपारी, उभ्या उभ्या, भिंतीकडे तोंड करून. त्यांना याहून जास्त काही विचारू नका.

पहिला ठोका पडला आणि मलाच रडू फुटलं. खोटं आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी हात वाजवत राहिले आणि डोळे वाहत राहिले. तुम्ही गेल्यावर मला काय होईल, ते त्या दुपारी कळलं. हे लिहायचं नव्हतं.

राजघराकडे आलेल्यांना मी नदीकडे नेलं. पुलापाशी सगळे जमल्यावर मी ओंडक्यावर चढले आणि म्हटलं, "राजे जिवंत आहेत." क्षणभर कुणाला उमजेना. मग जो राग उसळला! कुणीतरी माझं कापड धरून खाली ओढलं. एक बाई अंगावर थुंकली. चितालू हात उगारत म्हणाले, "अगं रांडके, मग आम्ही रडलो ते कुणासाठी?"

आई मध्ये आली. "मारा तिला, मारायचं तर. पण आधी मागे वळून बघा."

लोकांनी वळून बघितलं. तोपर्यंत झाडांकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. आपापल्या आजापासून ओळखीची झाडं ती. लाल, आडवी. चितालूंचा हात तसाच खाली आला.

मग कुणी काही न सांगता माणसं पुलावर जाऊन बसली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. कुणी उठलं नाही. त्यानं ते बंद केलं.

चिबुये दादा ट्रकच्या टपावर चढला, तिथं थोडा फोन लागत होता. तुम्हाला लावला, आवाज मोठा केला. "बाबा, सांगा यांना! तुम्ही हो म्हणालात ते सांगा!" लांबच्या गावांतले लोक अजून येत होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, ते तुमचं नाव घेऊन ऊर बडवत होते. तुम्ही ते ऐकलंत. आई त्याच्यामागोमाग टपावर चढली आणि तिनं फोन हिसकावला.

"भाऊ, ऐकतोयस ना? हे तुझ्यासाठी चाललंय. मेल्यावर माणसाला हे ऐकायला मिळत नाही, तू नशीबवान. आता बोल, नेऊ देऊ लाकडं?"

आम्ही सगळे वाट बघत राहिलो. तुम्ही बोलला नाहीत. मग फोन बंद झाला.

सिचोने साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. "राजेसाहेब हो म्हणाले नाहीत," ते मोठ्यानं म्हणाले, "मी कानांनी ऐकलं." आणि ओंडक्यांवर खात्याचा शिक्का ठोकायला लागले. करवती जप्त झाल्या. ट्रक रिकामे गेले.

मामा, तुम्ही आधी हो म्हटलं होतं का? मला वाटतं, म्हटलं होतं. मागच्या सभेत पेट्या कुठे टांगायच्या ते आम्ही तुमच्या शब्दासाठी न थांबता ठरवलं, आणि तुम्ही उठून गेलात. जाताना म्हणालात, "आता राजाचं काम शिक्का मारण्यापुरतं." तुम्हाला लागलं ते आम्हाला दिसलं. पण राजा आपणच आहोत हे दाखवायला जंगल कापायचं असतं का? मग राज्य कशावर करायचं, खुंटांवर?

वडीलधारे म्हणताहेत की तुम्ही परत आलात की माझा न्याय होईल. होऊ दे. मी गाव सोडून कुठेही गेलेले नाही.

तुमच्या पायांशी वाढलेली,
बेसा


एन्डोला,
२७ ऑक्टोबर

बेसा,

फळं पोचली. निम्मी नर्सांनी खाल्ली.

पत्रात नमस्कार आहे, फळं आहेत, मला टोमणेही आहेत. माफी कुठे दिसली नाही. दुसऱ्यांदा वाचलं, तरी नाही.

मी हो म्हटलं होतं. चिबुयेच्या आड मी लपणार नाही. तो इथं खाटेशी बसून म्हणाला, "बाबा, तुम्हाला आता विचारतं कोण?" मी म्हटलं, "ने." तेवढ्या एका शब्दात झाडं पडली. ते माझ्या माथी.

फोन मी बंद केला नाही. तो छातीवर ठेवला होता, कारण हाताला धरवेना. तुमचा सगळ्यांचा आवाज तिथून येत होता. नर्स धावत आली. म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हटलं, "मी." तिनं डॉक्टरांना बोलावलं आणि त्या गडबडीत फोन कुणीतरी बंद केला.

चितालू खरंच रडला? नीट बघितलंस का?

सिचोनेला मी निरोप धाडला आहे, जप्त लाकूड गावाचं. शाळेची बाकं करा. माझ्या हयातीत त्या जंगलात पुन्हा यंत्र फिरणार नाही. पण सभेत माझ्या शब्दासाठी थांबायचं, हेही ऐकून ठेव.

आता ढोल. राजा जिवंत असताना मरणाचा ताल वाजवणाऱ्याला आपल्या बापजाद्यांनी मुलखाबाहेर हाकललं आहे. तू माझ्या बहिणीची लेक आहेस, म्हणून एवढंच करतो. पांढऱ्या शेळ्या देऊन ढोल शुद्ध करून घ्यायचा, आणि सगळ्या मुलखासमोर गुडघे टेकून म्हणायचं की चूक झाली. मी क्षमा करीन. विषय संपेल.

येत्या शनिवारच्या बसनं येतो.

तुझा मामा,
अजून जिवंत


चिपुन्दो,
३० ऑक्टोबर

मामा,

पत्र आईला वाचून दाखवलं. "मी" या शब्दापाशी ती उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "आता माझा नमस्कार कळव."

शेळ्या बांधून ठेवल्या आहेत, पांढऱ्याच आहेत. ढोलाला मी हात लावला, त्याची किंमत त्याला मिळायलाच हवी. तुमच्या शब्दासाठी सभा थांबेल, हे मी बायकांकडून कबूल करून घेतलंय. बऱ्याच भांडल्या. त्यांचं म्हणणं असं, की राजांनी तो शब्द सभेत बसून द्यावा, दुखऱ्या मनानं खाटेवरून नाही. मी त्यांच्या बाजूची आहे.

आणि चितालू खरंच रडले. आता कबूल करत नाहीत. डोळ्यांत धूर गेला म्हणतात.

गुडघे टेकीन. तुमच्यापुढे ते जन्मापासून टेकत आले आहे, त्यात मला कमीपणा नाही. पण 'चूक झाली' हे शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत. मामा, विचार करा. मी ते सगळ्या मुलखासमोर म्हटले, की पुलावर बसलेल्या प्रत्येकाची चूक ठरली. पुढच्या वेळी कुणी दुसरा दादा दुसरे ट्रक घेऊन येईल. तेव्हा तुम्ही नसाल, कदाचित मीही नसेन. ढोलापाशी उभ्या राहिलेल्या एखाद्या पोरीला आठवेल, बेसानं वाजवला आणि बेसानं माफी मागितली. तिचा हात तिथंच थांबेल. मला तो हात थांबायला नको आहे.

क्षमा करू नका. शिक्षा करा. हाकलायचं तर हाकला. नदीपलीकडे जाऊन राहीन आणि तिथून झाडं राखीन. न्याय तुम्ही जरूर करा, तो तुमचाच हक्क आहे, आणि तुमच्यावाचून तो कुणी करू नये असंच मला वाटतं. माझं उत्तर मात्र आधीच कळवून ठेवते, म्हणजे सगळ्यांसमोर ऐकताना तुमच्या छातीला त्रास व्हायला नको.

शनिवारी बसथांब्यावर अख्खा मुलूख असेल. या खेपेला गात येणार आहेत.

तुमची भाची,
वाजवला तो मी, आणि वेळ आली तर पुन्हा वाजवीन,
बेसा