दहापैकी आठ

मंगळवार, संध्याकाळ. घाटकोपर.

आज मी धाकट्या भावाला, नितीनला, लाटण्याने मारलं.

त्याची बायको सीमा सात महिन्यांची गरोदर. कुठल्याशा बाबाने सांगितलं, मुलगी होणार. नितीन भडकलेला. "ताई, आजवर दहापैकी आठ बरोबर सांगितलेत त्याने!"

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. कागदावर मांडून दाखवलं. "मुलगा की मुलगी, असा दहा वेळा नुसता अंदाज मारला तरी एक हजार चोवीस शक्यतांपैकी छप्पन्नमध्ये आठ किंवा जास्त बरोबर येतात. असे अठरा बाबा बसव, सरासरी एकाचं जमतं रे."

त्याने कागद फाडला. "तुझं गणित तुझ्याकडे ठेव!" मग सीमाच्या थोबाडीत मारली. तिचा ओठ फुटला. पोटावर लाथ उगारली, तेव्हा मी त्याच्या गुडघ्यावर लाटणं घातलं. तो कोसळला. पडल्यावर आणखी एक घातलं, खांद्यावर. पहिला फटका त्याला अडवायला होता. दुसरा कशाला?

आत्ताच आम्ही दोघी पोलीस ठाण्यातून आलो. तक्रार सीमानेच लिहिली, माझ्या दुसऱ्या फटक्यासकट. मी म्हटलं, "अगं, ते कशाला?"

सुजलेल्या ओठाने म्हणाली, "सगळं खरं लिहिलं ना ताई, की कोणी खोटं पाडू शकत नाही."