पेटीचं दार

मुरबाड, मंगळवार, १२ एप्रिल १९३८

वैशाखऱ्याहून आत्ताच आलो. पायही धुतले नाहीत. आधी हे लिहितो, नाहीतर उद्या स्वतःशीही खोटं बोलेन.

आठवड्यापूर्वी तिथल्या अकरा पोरांना देवी टोचल्या होत्या. एकाच्याही दंडावर फोड उठला नाही. लस मेलेली होती, आणि मारली मीच.

ती थंड राहावी म्हणून दवाखान्याच्या पडवीत मी पेटी केली. दुहेरी फळ्या, मध्ये कोळसा, वरून ओलं गोणपाट, आत थर्मामीटर. सकाळी पारा कसा छान खाली असायचा! काय मिरवलो मी! मास्तर आले, दार उघडलं. तलाठी आला, दार उघडलं. कुणी नसलं की मीच तासातासाला दार उघडून पारा बघायचो आणि वहीत लिहायचो. दर उघडण्याला ऊन हवा आत जात होती. दुपारचे आकडे चढत होते, ते मला दिसत नव्हते का? दिसत होते. म्हणून तर लोकांना सकाळचेच दाखवायचो.

आज एका पोराची आई म्हणाली, "आमच्याच पोरांचं रगत वायट आसंल, डाक्टर. तुमचा काय दोष नाय." पलीकडच्या पाड्यावर देवी आल्यात, म्हणून ती घाबरलेली. आणि मी डॉक्टरसुद्धा नाही, नुसता टोचणारा. खरं सांगायचं होतं. "होतं असं कधी कधी, पुन्हा टोचू," एवढंच म्हणालो.

निघताना तिने पदराखालून चार अंडी काढून दिली. मी घेतली.

आल्या आल्या सवयीने पेटीत ठेवली. आता ते दार उघडवत नाही.