डिक्कीची दांडी

बुधवार, संध्याकाळ, अकोला

आज गाडीच्या डिक्कीचं झाकण तोलून धरणारी वीतभर लोखंडी दांडी मोडली. स्पेअर पार्टच्या तीन दुकानांत दाखवली, कोणालाच ओळखू येईना. शेवटी एक म्हातारा मिस्त्री हसला, "बाई, हा गाडीचा पार्टच नाई. फवारणीच्या पंपाचा दांडा कापून बसवला कोनंतरी."

कोणीतरी कसलं, ह्यांनीच! शेतातला जुना पंप वर्षभर बिनदांड्याचा पडलाय. मागं ते झाकण आदळून मला टेंगूळ आलं, तेव्हा नवऱ्याच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. त्या टेंगळावरून वर्षभर मी काय काय ऐकवलं असेल?

घरी आल्यावर विचारलं, "मग सांगितलं काहून नाही?"

ताटातून मान वर न करता म्हणाले, "तू बोलू देशील तवा ना. दुसरा कापून ठेवला हाये कवाचा."