बर्फीचे पंधरा कोरडे दिवस

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आज पुन्हा. आठवड्यात तिसऱ्यांदा. प्रज्ञाच्या खोलीत, पलंगाशेजारच्या सतरंजीवर. वाळूची पेटी चार पावलांवर गॅलरीत, लख्ख धुतलेली, आणि बाईसाहेब सतरंजीवर! सोळा वर्षांची मांजर, तिला कळत नाही असं कसं म्हणू? डूख धरल्यासारखं करते. नाक तिथे नेऊन दाखवलं, जरा जोरातच. तिने मान फिरवली. जया (यापुढे ज., शाई वाचते) स्वयंपाकघरातून म्हणाली, "ओरडू नका. तिला ऐकू येत नाही आणि मला येतं."

२० नोव्हें., गुरु.
प्रज्ञाचा फोन. सासरचं डोहाळजेवण आटोपलं, आता बाळंतपणाला इकडे. १३ डिसें.ला येणार. पहिलाच प्रश्न, "आई, बर्फी कशी आहे?" ज. म्हणाली, "मजेत." तेव्हा मी पलंगाखाली ओणवा होऊन फडकं मारत होतो.
आठवीत असताना हीच पोर डब्याच्या पिशवीत घालून पिल्लू घेऊन आली होती. डबा बाकावरच विसरली, पिल्लू नाही विसरली.
फोन ठेवल्यावर ज. म्हणाली, "बाळाच्या दुपट्यांना वास आला तर विहीणबाई काय म्हणतील?" आणि रमेशला फोन लावला. रमेश म्हणजे तिचा धाकटा भाऊ, देवळ्याला कांदा करतो.

२३ नोव्हें., रवि.
रमेश येऊन गेला. पंचवटीत भाजी उतरवून तसाच इकडे, मेथीच्या दोन जुड्या घेऊन. म्हणे, "दाजी, लय इचार नका करू. आपल्या कांद्याच्या चाळीत ऱ्हाईल. तिथं कुठंबी बसली तरी कोन काय म्हननार नाय." मी विचारलं, तुझी दोन कुत्री? "ते काय करत नाय," म्हणाला आणि चहात बघत बसला.
शेवटी ज.ने निकाल दिला. प्रज्ञा यायच्या आत सलग पंधरा दिवस घर कोरडं राहिलं तर बर्फी इथेच. नाहीतर १२ तारखेला रमेशच्या गाडीतून देवळा. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार, पुसून पुसून तिचीही कंबर गेलीय.
कॅलेंडर दाराशी टांगलं. कोरड्या दिवसाला निळी खूण.

२४ नोव्हें., सोम.
पहिल्याच दिवशी चेंडू हुकला. पायपुसणं ओलं.

२५ नोव्हें., मंगळ.
द्वारका चौकाजवळ प्राण्यांच्या डॉक्टरीण बाई आहेत, त्यांच्याकडे नेली. रिक्षात पूर्ण वेळ माझ्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून होती. बाईंनी मागचे पाय हलवून पाहिले, रक्त घेतलं. संधिवात. मूत्रपिंडंही थोडी थकलीत, म्हणून पाणी जास्त पिते, जास्त वेळा जावं लागतं.
मग चौकशी. कधीपासून? दिवाळीपासून. दिवाळीत काय बदललं? मी अभिमानाने सांगितलं: साफसफाई काढली होती. वॉशिंग मशीनचं पाणी पेटीत जायचं, म्हणून पेटी द्राक्षाच्या क्रेटवर चढवली. जुना टब बदलून खोल आणला. साध्या वाळूऐवजी गुलाबाच्या वासाची. आणि रोज सकाळी फिनेल.
बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "काका, तिला चढता येत नाहीये. आणि फिनेलचा वास तिला सहन होत नाही. ती राग काढत नाहीये हो." प्रज्ञाबद्दलही विचारलं. मांजर घरात असली तरी चालेल, फक्त पेटीला प्रज्ञाने हात लावायचा नाही.
महिनाभर मी तिला गडावर चढवत होतो आणि वर पोचली नाही म्हणून तिचं नाक घासत होतो. लाज वाटली. अजून वाटतेय.

२६ नोव्हें., बुध.
टबाची पुढची बाजू करवतीने कापली, चार बोटं उंची ठेवली. कडेला सायकलची जुनी ट्यूब चिकटवली, टोचू नये म्हणून. क्रेट हद्दपार. फिनेलची बाटली बंद, साधं गरम पाणी. साधी वाळू चाळून भरली. दुसरी अशीच पेटी प्रज्ञाच्या खोलीच्या दाराशी. ज. बघत होती. "तुमच्या गुडघ्यांसाठी कमोड बसवला तेव्हा किती कुरकुर केलीत! तिने तर सांगितलंही नाही बिचारीने."
संध्याकाळी बर्फी आली, ट्यूबचा वास घेतला, गेली. उद्यापासून मोजणी.

१ डिसें., सोम.
पाच खुणा. थंडी वाढलीय, तिच्या गादीखाली पोतं घातलं. पेटीत जाते तेव्हा मी पेपरआडून बघतो. तिला ते आवडत नाही. ज. म्हणाली, "कुणी तुमच्याकडे असं बघत बसलं तर तुम्हाला होईल का?" आता पेपर घेऊन हॉलमध्ये बसतो.

४ डिसें., गुरु.
आठ. डॉक्टरीण बाईंनी दिलेलं औषध पेढ्यातून दिलं, पेढा खाल्ला, गोळी ठेवली. मग ज.ने चमच्यात पाण्याबरोबर दिली, एका घोटात. ही बाई गेल्या महिन्यात बर्फीलाच घालवायला निघाली होती. बोलून कशाला विस्कटा.

७ डिसें., रवि.
अकरा. रमेशचा फोन, "दाजी, शुक्रवारी गाडी रिकामीच हाय, येऊ ना?" ज. म्हणाली, "ते गुरुवारी सांगते." मला वाटलं होतं थेट नाही म्हणेल.
प्रज्ञाची खोली आवरली. दुपटी उन्हात टाकली. बर्फी त्यांच्या सावलीत झोपली.

८ डिसें., सोम.
सकाळी फिरून आलो. प्रज्ञाच्या खोलीतली सतरंजी जागेवर नव्हती. गॅलरीत दोरीवर, निथळत. खाली बादली. खोलीतली फरशी नुकती पुसलेली, ओली.
बर्फी गॅलरीत उन्हात अंग चाटत होती, माझ्याकडे बघितलंही नाही.
बारावा दिवस. पुन्हा एकपासून मोजायला आता दिवसच उरले नाहीत.
ज. ओट्याशी भाकरी थापत होती. विचारलं, सतरंजी का धुतली?
"मळली होती."
"थंडीत? आज?"
"पोरगी येणार ना." पाठ माझ्याकडेच.
कॅलेंडरपाशी गेलो. आजच्या चौकोनात खूण आधीच केलेली होती. माझं निळं पेन माझ्या खिशात. ही खूण लाल, ज.च्या दुधाच्या हिशेबाच्या पेनची.
पेन खिशातच राहू दिलं. ज.ने भाकरी वाढली, वर लोणी.
अजून तीन दिवस आहेत.