ऐका आणि आ करा

३ जून, सोमवार
आजपासून क्लिनिकमध्ये संगीत. एका मासिकात वाचलं, मंद संगीताने दातांच्या पेशंटची भीती पळते. आता घरात गवई असताना विकतची गाणी कशाला लावायची? गवई म्हणजे मी. उपक्रमाचं नाव 'ऐका आणि आ करा'.

बायको म्हणाली, आधी बाबांची दाढ बघा. सासरेबुवा रिटायर्ड हेडमास्तर. अख्खी शाळा त्यांना चळाचळा कापायची, ते माझ्या खुर्चीला कापतात. दाढ किडून गेली तरी एका बाजूने जेवतात. ठरलं. याच महिन्यात सासरेबुवा खुर्चीत, तेही हसत. लग्नापासून मला गुणगुण्या म्हणतात. मग बघू काय म्हणतात ते.

४ जून, मंगळवार
रेकॉर्डिंग केलं. घरी बायको गाऊ देत नाही. शिवाय माझा गळा काम करतानाच खुलतो. म्हणून फोन अवजारांच्या ट्रेवर चालू ठेवला आणि दिवसभर नेहमीसारखा गात गात दात कोरले. ड्रिलचा सूर आणि माझा षड्ज तंतोतंत जुळतात, हे इतकी वर्षं लक्षात कसं आलं नाही? मधूनमधून पेशंटनीही साथ दिली.

६ जून, गुरुवार
वेटिंग रूममध्ये स्पीकर लावला. अपेक्षेबाहेर यश. बँकेतले कॅशियर अक्कलदाढ काढायला आले होते. थोडा वेळ ऐकलं आणि उठलेच. दुखायचं थांबलं म्हणाले. औषधाविना गुण. त्यांच्या मागोमाग आणखी दोघं बरे होऊन गेले.

रिसेप्शनिस्ट म्हणते, सर, गाण्यात ड्रिल ऐकू येतंय आणि कोणीतरी 'आई गं' म्हणतंय. मी म्हटलं, त्याला दाद म्हणतात. पोरगी कामाला चांगली आहे, पण कान नाही.

१० जून, सोमवार
रिसेप्शनिस्ट कानात कापूस घालून बसलेली सापडली. कापूसही क्लिनिकचाच. ताकीद दिली. आवाज वाढवला, खिडकी उघडली. रस्त्यालाही लाभ होऊ दे.

शिंपीणबाईंचा दात भरताना गाणं कसं वाटलं विचारलं. त्या 'आ' म्हणाल्या. पुन्हा विचारलं. 'आ आ' म्हणाल्या, दोन्ही हात हलवून, अगदी तालात. नंतर कळलं की भूल नीट चढली नव्हती. पण ताल पक्का होता.

१३ जून, गुरुवार
क्लिनिक रिकामं. उकाडा फार आहे.

समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जिन्यापर्यंत रांग. बिचारीचे पेशंट बरेच होत नाहीत वाटतं. संगीत नाही ना.

१५ जून, शनिवार
सासरेबुवा आले. बायकोने दंडाला धरून आणून बसवलं आणि ती भाजीला गेली. त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. मी आत हातमोजे चढवतोय तोवर 'आई गं'ची जागा आली. बाहेर येऊन बघतो तर खुर्ची रिकामी. काठी तिथेच.

काठीशिवाय गेले. म्हणजे गुडघ्यांनाही गुण.

हे बायकोला सांगितलं. ती काठी उचलून तडक बाबांकडे गेली.

१६ जून, रविवार
माझीच दाढ ठणकतेय. लवंग धरली. मग स्वतःचं रेकॉर्डिंग लावून पडलो. ठणका वाढला. स्पीकर बिघडला असणार.

१७ जून, सोमवार
स्वतःची दाढ स्वतःला काढता येत नाही. झक मारत समोर गेलो.

वेटिंग रूममध्ये कॅशियर. शेजारी शिंपीणबाई. मला बघून दोघांनी एकच मासिक तोंडासमोर धरलं. कोपऱ्यात सासरेबुवा, गालात कापूस. दाढ काढून मोकळे झालेले. बायकोला ठाऊक होतं, मला कोणी सांगितलं नाही. फार वाईट वाटलं. इतकं की कोणावर चिडावं तेही सुचेना.

तेवढ्यात आतून ड्रिलचा आवाज आला आणि मी आल्या पावली दाराकडे वळलो. इतकी वर्षं हा आवाज या बाजूने ऐकलाच नव्हता. सासरेबुवांनी सरकून जागा दिली, माझा हात हातात घेतला. कापसातून म्हणाले, बसा जावईबापू, इथे काही लावत नाहीत. गुणगुण्या म्हणाले नाहीत. डोळ्यांत पाणी आलं. दाढेमुळे असेल.

नंबर आला. डॉक्टरीणबाईंचा हात हलका. भूल दिली, ड्रिल सुरू केलं आणि काम करता करता गुणगुणायला लागल्या. चाल ओळखीची वाटली. माझीच. 'आई गं'च्या जागेसकट.

म्हणाल्या, दिवसभर तुमच्या खिडकीतून ऐकून तोंडात बसलंय हो, तुम्हाला त्रास नाही ना होत?

मी दोन्ही हात हलवून 'आ आ' म्हणालो.

त्या खूश झाल्या आणि त्यांनी अंतरा घेतला.